गैरसोयीच्या जमिनीतली द्राक्षे

वाइन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस. पिकलेल्या द्राक्षात साखर, आम्ल आणि पाणी ही तिन्ही आयती असतात. मणी फुटून रस बाहेर आला की यीस्ट त्यातली साखर खाऊ लागते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड होते. जवाची किंवा तांदळाची दारू करायची तर आधी धान्यातल्या पिष्टाची साखर करून घ्यावी लागते. द्राक्षाला ती यातायात नाही. बहुतेक जातींच्या द्राक्षांचा गर फिकट असतो, रंग असतो तो सालीत. काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवला की तांबडी वाइन होते; साली आधीच बाजूला काढल्या तर त्याच द्राक्षांची पांढरी वाइन होते. जिभेला जाणवणारा तुरटपणा साल, बी आणि देठ यांतल्या टॅनिनचा. मूळ क्रिया एवढी साधी असताना वाइनचे इतके प्रकार का झाले, याचे उत्तर कारागिराच्या हौसेपेक्षा वेल जिथे वाढते त्या जागेत अधिक सापडते.

वाइनसाठी लावली जाणारी बहुतेक द्राक्षे व्हिटिस व्हिनिफेरा या एकाच प्रजातीची. या वेलीला हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घ्यावी लागते आणि घड पिकायला लांब, कोरडा उन्हाळा लागतो. म्हणून तिचा मुलूख दोन्ही गोलार्धांत साधारण ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात आला. या पट्ट्यातही सुपीक सपाट जमिनी बहुधा धान्याकडे गेल्या आणि वेलीच्या वाट्याला उतार, खडक आणि मुरमाड माळ आले. त्यात वेलीचे फारसे बिघडले नाही. खोल, पाणथळ जमिनीत वेल पानांनी फोफावते आणि तिचे मणी मोठे व पाणचट होतात. हलक्या जमिनीत मणी लहान राहतो, त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त येते आणि वाइनला रंग, वास व तुरटपणा अधिक मिळतो. याच्याही पुढची गोष्ट अशी, की जिथे थंडी फार, ऊन फार, धुके फार किंवा गिऱ्हाईक फार लांब, तिथेच वाइन करण्याच्या सर्वांत वेगळ्या रीती निघालेल्या दिसतात.

वाइनच्या सर्वांत जुन्या रासायनिक पुराव्यांपैकी एक कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला, आजच्या जॉर्जियात मिळाला. गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा या टेकाडांवरच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या भांड्यांत टार्टारिक आम्लाचे अंश होते, आणि त्या प्रदेशात हे आम्ल एवढ्या प्रमाणात प्रामुख्याने द्राक्षातच असते. भांड्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ६००० ते ५८०० असा ठरला. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. शेजारच्या आर्मेनियात अरेनी गावाजवळच्या गुहेत तर इसवी सनापूर्वी ४१००च्या सुमाराची अख्खी वाइनशाळा हाती लागली. द्राक्षे तुडवण्याची उथळ जागा, रस ओघळून पडावा म्हणून पुरलेला रांजण, द्राक्षाच्या बिया, असा सगळा सरंजाम तिथे होता.

जॉर्जियात रांजण पुरण्याची चाल आजही आहे. क्वेव्री नावाचा हा मातीचा रांजण अंड्याच्या आकाराचा असतो आणि गळ्यापर्यंत जमिनीत असतो. आतून त्याला मधमाशांच्या मेणाचा हात दिलेला असतो. पूर्वेकडच्या काखेती प्रांतात तुडवलेली द्राक्षे साल, बी आणि कित्येकदा देठांसकट त्यात ओततात. आंबण्याचा जोर ओसरला की तोंड झाकून माती लिंपतात आणि वसंतापर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. जमिनीच्या पोटात तापमान फारसे हलत नाही, त्यामुळे थंड करण्याची वेगळी व्यवस्था लागत नाही. बिया निमुळत्या बुडाशी जमतात आणि त्यांचा कडवटपणा वरच्या वाइनला फारसा लागत नाही. रकात्सितेली या पांढऱ्या द्राक्षाची वाइन महिनोन्महिने सालींबरोबर राहिल्याने पिवळसर तांबूस रंगाची आणि चांगलीच तुरट निघते. सोव्हिएत काळात सरकारी कारखान्यांनी मोजक्या जातींवर भर दिला आणि शेकडो स्थानिक जाती परसबागांपुरत्या उरल्या. १९८५ साली गोर्बाचेव्ह यांनी मद्यपानाविरुद्ध मोहीम काढली तेव्हा मोठ्या प्रमाणावर बागाही उपटल्या गेल्या. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनची आयातच बंद केली. हक्काची बाजारपेठ गेल्यामुळे उत्पादकांना पश्चिमेकडे वळावे लागले, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला कारखान्यातल्या गोड लाल वाइनपेक्षा या जुन्या रांजणाचे अप्रूप अधिक होते. २०१३ साली युनेस्कोने क्वेव्रीची रीत मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तोवर ईशान्य इटलीतल्या योस्को ग्राव्हनर यांच्यासारख्या उत्पादकांनी जॉर्जियातून रांजण नेऊन आपल्या तळघरात पुरलेही होते.

भूमध्य समुद्राभोवती वेल पसरवण्याचे काम फिनिशियन आणि ग्रीक दर्यावर्द्यांनी केले. रोमन सैन्य उत्तरेकडे सरकले तशी वेलही ऱ्होन, बोर्दो आणि मोझेलच्या खोऱ्यांत पोहोचली. रोमन लोक वाइन मातीच्या दोन कानांच्या सुरयांत भरत. गॉल प्रदेशातले लोक लाकडी पिंपे वापरत. ती गडगडत नेता येत आणि सहसा फुटत नसत, म्हणून रोमनांनीही उचलली. ओकच्या लाकडाने वाइनला वास आणि मऊपणा येतो, हा पुढे लक्षात आलेला फायदा.

रोमनांच्या पडत्या काळानंतर फ्रान्समधल्या बागा सांभाळण्यात ख्रिस्ती मठांचा वाटा मोठा होता. बरगंडीत सितो येथे १०९८ साली स्थापन झालेल्या मठाच्या साधूंनी क्लो द व्हूजो ही सुमारे ५० हेक्टरांची बाग उभी केली आणि तिला दगडी कुंपण घातले. मठाला वारस नसतात आणि घाईही नसते. कोणत्या तुकड्यातले घड लवकर पिकतात, कुठे धुके साचते, कुठे दंव पडते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले आणि अख्खा डोंगरउतार लहान लहान तुकड्यांत ओळखला जाऊ लागला. राज्यकर्तेही मागे नव्हते. ड्यूक फिलिप यांनी १३९५ साली भरघोस पिकणारे गामे द्राक्ष उपटून टाकण्याचा हुकूम काढला आणि पिनो न्वारला जागा करून दिली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठांच्या जमिनी लिलावात गेल्या, पुढे वारसांना समान वाटा देणारा कायदा आला आणि तुकड्यांचे पुन्हा तुकडे पडले. क्लो द व्हूजोचे आज ८०च्या आसपास मालक आहेत. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या ओळी येतात. त्या सर्वांच्या बाटलीवर एकच थोर नाव असते, आतली वाइन मात्र मालकाच्या कसबाप्रमाणे कुठल्या कुठे जाते. बरगंडीच्या वाइनचा नकाशा पाठ करणाऱ्यांची कमी नाही. त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

बोर्दोचे प्रकरण वेगळे. तिथे साधूंपेक्षा व्यापाऱ्यांचे राज्य राहिले. ११५२ साली आक्वितेनची एलिनॉर हिने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी लग्न केले आणि बोर्दोच्या बंदराला तीन शतके इंग्लंडची बाजारपेठ मिळाली. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी मेदोकची दलदल उपसली तेव्हा आजच्या सर्वांत महागड्या बागांची गोटाळ जमीन लागवडीला मोकळी झाली. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभावावरून केलेली प्रतवारी आजही जवळजवळ तशीच चालते.

फ्रान्सच्या ईशान्येला, ४९ अंश अक्षांशाच्या आसपास, शॅम्पेन प्रांत आहे. इथे द्राक्ष कसेबसे पिकते. जुन्या काळी तोडणी उशिरा होई, रस आंबायला लागला की थंडी पडे आणि साखर शिल्लक असतानाच यीस्ट झोपी जाई. वाइन झाली असे समजून ती पिंपांतून विकली जाई. वसंतात ऊब आली की यीस्ट पुन्हा जागे होई, आणि वाइन तोवर बंद बाटलीत गेलेली असेल तर कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसे. हे बुडबुडे शॅम्पेनच्या लोकांना दोष वाटत. ओव्हिलेच्या मठात १६६८ ते १७१५ या काळात तळघराचा कारभार पाहणारे दों पेरिन्यों हे शॅम्पेनचे जनक म्हणून सांगितले जातात. प्रत्यक्षात ते बुडबुडे टाळण्याच्या खटपटीत होते. वेगवेगळ्या बागांच्या द्राक्षांचे मिश्रण जमवणे आणि काळ्या द्राक्षांना हलका दाब देऊन स्वच्छ पांढरा रस काढणे, ही त्यांची खरी कमाई.

बुडबुड्यांची चटक लागली ती इंग्रजांना. इंग्लंडमध्ये जहाजांसाठी लाकूड राखायचे म्हणून काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यावर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बंदी आली. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली आणि काच जाड व मजबूत झाली. अशा बाटल्यांत वाइनमध्ये साखर घालून ती फसफसती करण्याची रीत लंडनचे व्यापारी वापरतात, हे ख्रिस्तोफर मेरेट यांनी १६६२ साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सांगितले. दों पेरिन्यों ओव्हिलेला यायला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता.

फ्रान्समध्ये मात्र पुढची दीडशे वर्षे बाटल्या फुटतच राहिल्या. शॅम्पेनच्या बाटलीत पाच ते सहा वातावरणांचा दाब असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक. एक बाटली फुटली की शेजारच्याही जात, आणि तळघरातले कामगार तोंडावर जाळीचे मुखवटे चढवून काम करत. साखर किती घातली म्हणजे किती दाब होईल याचा हिशेब शालों गावचे औषधविक्रेते फ्रांस्वा यांनी १८३६ साली बसवला, तेव्हा ही फूट आटोक्यात आली. मेलेल्या यीस्टचा गाळ काढण्याचा प्रश्न त्याआधी बार्ब-निकोल क्लिको यांच्या तळघरात सुटला होता. त्या १८०५ साली, सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि व्यवसाय त्यांनी आपल्या हाती घेतला. भोके पाडलेल्या फळीत बाटल्या उलट्या खोचायच्या, रोज थोड्या फिरवायच्या आणि गाळ बुचापाशी आणायचा, ही ती युक्ती. नंतर बूच उघडले की दाबाने गाळ तेवढा बाहेर उडतो. आज हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रे करतात.

जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यात थंडीवर वेगळा तोडगा निघाला. तिथे बागा नदीकडे तोंड करून उभ्या कड्यांवर आहेत. ब्रेम गावाजवळच्या कालमोंट उतारावर काही जागी चढ ६० अंशांच्या पुढे जातो. काळसर पाटीचा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते वेलीला परत देतो, नदीच्या पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड वर येतो, आणि एवढ्या जमवाजमवीवर रीसलिंग द्राक्ष पिकते. यंत्र चालत नसल्याने सगळे काम हाताने, कित्येक ठिकाणी एका रुळावरच्या गाडीने किंवा दोराने. जर्मनीतली आइसवाइन याहून हट्टाची. घड हिवाळ्यापर्यंत वेलीवर ठेवायचे, तापमान उणे ७ अंश सेल्सियसच्या खाली उतरले की पहाटे तोडायचे आणि गोठलेलेच दाबायचे. पाण्याचे बर्फ मागे राहते आणि साखरेचा दाट रस तेवढा निघतो. २०१९च्या हंगामात जर्मनीत एवढी थंडी कुठेच पडली नाही आणि आइसवाइन झालीच नाही.

हंगेरीतल्या टोकाय प्रांतात अडचण धुक्याची. बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमावर शरद ऋतूत सकाळी धुके दाटते. त्यात बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षांवर बसते. हवा ओली राहिली तर ही बुरशी घड कुजवते, पण टोकायला दुपारी ऊन पडते आणि वारा सुटतो. मग बुरशी सालीला सूक्ष्म छिद्रे पाडून थांबते, आतले पाणी उडते आणि मणी मनुकेसारखा सुरकुततो. असे मणी एकेक करून वेचतात, त्यांचा लगदा नव्या वाइनमध्ये किंवा आंबत्या रसात भिजवतात आणि मग ती आंबवून लहान पिंपांत मुरवतात. पूर्वी १३६ लिटरच्या पिंपाला अशा मण्यांच्या किती टोपल्या घातल्या, यावरून गोडीची प्रत ठरे. टोकायची हद्द अठराव्या शतकात राजाज्ञेने आखली गेली. हंगेरीच्या राष्ट्रगीताच्या मूळ कवितेतही या वाइनचा उल्लेख आहे.

पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये थंडीचा प्रश्न नव्हता. तिथे ऊन होते आणि समुद्र होता. दोरू नदीच्या खोऱ्यात शिस्ट खडक फोडून पायऱ्या केल्या आहेत. खडकाच्या उभ्या भेगांतून वेलीची मुळे खोल जातात आणि उन्हाळ्यात तग धरतात. इथली वाइन होड्यांतून किनाऱ्यावर आणि तिथून इंग्लंडला जाई. प्रवासात ती आंबट होऊ नये म्हणून व्यापारी तीत द्राक्षाची ब्रँडी मिसळत. कालांतराने ब्रँडी आंबण्याच्या मध्यावरच घातली जाऊ लागली. त्याने यीस्ट मरते, निम्मी साखर तशीच राहते आणि २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली गोड, दमदार पोर्ट तयार होते. मागणी वाढली तशी भेसळ आली. रंगासाठी एल्डरबेरीच्या फळांचा रस सर्रास वापरला जाई. तेव्हा पोम्बालचे मार्क्विस यांनी १७५६ साली या प्रांताची हद्द दगड रोवून आखली आणि एल्डरबेरीची झाडे उपटून टाकायला लावली. राज्यसत्तेने सीमा ठरवून नियमन केलेल्या जगातल्या पहिल्या वाइन प्रांतांपैकी हा एक. गोव्यात पोर्ट वाइन या नावाने विकली जाणारी गोड लाल वाइन पोर्तुगीज काळाची आठवण आहे, पण दोरूशी तिचे नाते नावापुरतेच.

मादेइरा बेटाच्या वाइनला तर जहाजानेच घडवले. हिंदुस्थानकडे निघालेली जहाजे या बेटावर वाइनची पिंपे घेत. उष्ण कटिबंधातून जाताना तळाशी पिंपे महिनोन्महिने तापत आणि हलत. परत आलेली वाइन नासली असेल असे वाटावे, तर ती उलट अधिक चविष्ट निघाली. मग मुद्दाम फिरवून आणलेल्या वाइनला जादा भाव मिळू लागला. पुढे जहाजाचे भाडे वाचवण्यासाठी बेटावरच वाइन तापवण्याच्या खोल्या आणि टाक्या आल्या. आज टाकीतली वाइन किमान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर ठेवतात, आणि उत्तम प्रतीची पिंपांतून माळ्यावर वर्षानुवर्षे उन्हाच्या उबेत राहते. एकदा इतकी तापलेली वाइन पुढे उघड्या हवेलाही दाद देत नाही. दक्षिण स्पेनमधल्या हेरेसची शेरी याच कुळातली, पण तिथे पिंप मुद्दाम थोडे रिकामे ठेवतात. पृष्ठभागावर यीस्टची पांढरी साय धरते आणि ती वाइनला हवेपासून वाचवते. पिंपांच्या रांगा एकावर एक असतात. तळाच्या रांगेतून थोडी वाइन काढायची, तेवढी वरच्या रांगेतून भरायची, असे चालते. त्यामुळे शेरीच्या बाटलीवर सहसा एकच साल लिहिता येत नाही.

कॅनरी बेटांपैकी लांझारोटेवर १७३० ते १७३६ अशी सहा वर्षे ज्वालामुखी धुमसत होता. चांगली शेती राखेखाली गेली. शेतकऱ्यांनी राखेत खड्डे खणले, तळाच्या जुन्या मातीत एकेक वेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूला अर्धवर्तुळाकार दगडी बांध घातला. पाऊस नगण्य, पण काळी राख रात्रीचा दमटपणा धरून ठेवते आणि दिवसा उडू देत नाही. सँटोरिनी या ग्रीक बेटावर वाऱ्यापासून बचाव करायला वेलच टोपलीसारखी गुंडाळून जमिनीलगत ठेवतात आणि घड टोपलीच्या आत धरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे सारे आपापल्या जागी स्थिर होते. १८६०च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये वेली कारण न कळता सुकू लागल्या. मेलेली वेल उपटली तर मुळांवर काहीच नसे. माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६८ साली अजून जिवंत असलेल्या वेलीची मुळे उकरली, तेव्हा त्यांवर मिलिमीटरहून लहान पिवळे किडे दाटलेले दिसले. हा फायलोक्सेरा अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर आला होता. आगबोटींमुळे अटलांटिकचा प्रवास इतका लवकर होऊ लागला होता, की रोपांवरची कीड वाटेत मरत नसे. सरकारने तीन लाख फ्रँकांचे बक्षीस लावले. बागा पाण्याखाली बुडवणे, जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचणे असे उपाय झाले. वेलीच्या बुडाशी जिवंत बेडूक पुरण्यापर्यंत मजल गेली. फ्रान्सचे वाइन उत्पादन १८७५ मध्ये आठ कोटी हेक्टोलिटरांच्या पुढे होते, ते १८८९ पर्यंत अडीच कोटींच्या खाली आले.

उपाय सापडला तो कीड जिथून आली तिथेच. अमेरिकन रानवेलींना ही कीड सोसते, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर युरोपीय वेलीचे कलम. शुद्धतेच्या अभिमान्यांनी बराच काळ विरोध केला, पण दुसरा मार्ग नव्हता. पहिले खुंट चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडू लागले तेव्हा पिएर व्हियाला १८८७ साली अमेरिकेला गेले आणि टेक्सासमध्ये वेलींचे अभ्यासक मन्सन यांच्याकडे त्यांना चुनखडीत तगणाऱ्या रानवेली मिळाल्या. कोन्याक आणि शॅम्पेनसारख्या प्रांतांचा जीव त्यावर वाचला. आज युरोपातल्या बहुतेक नामांकित वाइनचे मूळ, अगदी शब्दशः, अमेरिकन आहे. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही; कलम हा कीड मारण्याचा उपाय नव्हे, असे सरकारचे म्हणणे पडले.

याच काळात अमेरिकेतून केवडा रोगही आला. बोर्दोचे प्राध्यापक मिलार्दे यांना मेदोकमध्ये असे दिसले, की रस्त्याकडेच्या वेलींची पाने हिरवी आहेत आणि आतल्या वेली मात्र रोगाने झडल्या आहेत. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून बागवानाने कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना यांचे विषारी दिसणारे मिश्रण शिंपडले होते. मिलार्दे यांनी त्याचे प्रमाण बसवून १८८५ साली ते जाहीर केले. नाशिक आणि सांगलीचे बागायतदार पावसाळ्यात मारतात ते बोर्डो मिश्रण हेच.

फायलोक्सेरा येण्याआधी फ्रान्समधून नेलेल्या वेली चिलीत वाढल्या. अँडीज, अटाकामाचे वाळवंट आणि पॅसिफिक यांच्यामध्ये असलेल्या त्या देशात कीड पोहोचलीच नाही. तिथे मर्लो म्हणून लावलेल्या कित्येक वेली खरे तर कारमेनेर या बोर्दोतून जवळजवळ नाहीशा झालेल्या जातीच्या आहेत, हे १९९४ साली उघड झाले. अर्जेंटिनातले मेंदोसा हे जवळजवळ वाळवंट. बर्फ वितळून आलेले पाणी पाटांनी बागांत खेळवले तेव्हा तिथे माल्बेक पिकू लागले. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावे न पाहता चव घेतली आणि तांबड्या व पांढऱ्या दोन्ही वाइनमध्ये कॅलिफोर्नियाला पहिला क्रमांक दिला; त्यानंतर नव्या प्रांतांकडे कोणी नाक मुरडून पाहिले नाही. चीनमधल्या निंगशियात तर हिवाळ्याची थंडी वेलीला मारून टाकील इतकी असते. तिथे दर शरदात वेली आडव्या पाडून मातीखाली पुरतात आणि वसंतात पुन्हा उकरून काढतात.

नाशिकची अडचण याच्या अगदी उलट आहे. २० अंश उत्तर अक्षांशावरच्या या मुलखात वेलीला झोपवणारा हिवाळा नाही. पाने आपोआप झडत नाहीत, वेल वर्षभर हिरवी राहते, आणि तिच्या मनाप्रमाणे सोडली तर पीक ऐन पावसात येऊन कुजेल. म्हणून महाराष्ट्रातला बागायतदार वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरच्या, काड्या अगदी बुडाशी कापतात, उन्हाळ्यात नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची घडण सुरू होते. पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी. या वेळी काडी घड धरणारा डोळा पाहून वर कापतात आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. थंडीचे काम इथे कात्री आणि रसायन करते. पीक कोरड्या हवेत वाढते आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येते. म्हणजे उत्तर गोलार्धात असूनही नाशिकचा हंगाम फ्रान्सपेक्षा चिलीला जवळचा. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीमुळे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात आणि द्राक्षातले आम्ल टिकते. वाइनला ते साखरेइतकेच लागते.

खाण्याच्या द्राक्षांत नाशिकचा हात आधीपासून बसलेला होता, पण थॉमसनसारखे गोड, बिनबियांचे द्राक्ष चांगल्या वाइनला फारसे उपयोगी नाही. १९८०च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्राने फसफसती वाइन होऊ लागली, शतकाच्या अखेरीस नाशिकजवळ शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँच्या लागवडी झाल्या आणि २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क निघाले. उत्साहाच्या भरात वाइनच्या द्राक्षांची लागवड मागणीपेक्षा पुढे गेली, आणि २००८ नंतरच्या मंदीत कित्येकांनी ती काढून पुन्हा खाण्याच्या जाती लावल्या. वाइनचे द्राक्ष बाजारात पेटीने विकता येत नाही. कारखान्याने नाही म्हटले की त्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने या पिकातला खरा धोका हवामानापेक्षा इथे आहे. क्षारयुक्त जमीन आणि तुटपुंजे पाणी यांना टिकावे म्हणून महाराष्ट्रात खुंट लावतात तो बहुतांशी डॉगरीज. तोही टेक्सासच्याच रानवेलींतून आलेला.

अडचणींवर बसवलेली ही सगळी गणिते आता हलू लागली आहेत. बरगंडीतल्या बोन गावच्या तोडणीच्या तारखा १३५४ पासून जुळवता आल्या आहेत. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरपासून सुरू होई. १९८८ नंतर ती सरासरी १३ दिवस आधी येऊ लागली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या खडूच्या टेकड्यांवर फसफसती वाइन होते आहे, आणि शॅम्पेनमधल्या एका जुन्या घराण्याने २०१५ साली केंटमध्ये जमीन घेतली. बोर्दोमध्ये मर्लो आता फार लवकर पिकते, साखर वाढते आणि आम्ल उतरते. म्हणून २०२१ साली तिथे सहा नव्या जातींना परवानगी मिळाली. बागेच्या ५ टक्क्यांहून अधिक जागेत त्या लावता येत नाहीत आणि मिश्रणात त्यांचा वाटा १० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. त्या सहांत तूरिगा नासिओनाल आहे, दोरूच्या उन्हात पोर्टसाठी पिकणारे द्राक्ष.